केशव अस्वल आणि उतू गेलेलं वरण

एका जंगलात, मुलांनो, लग्नाळू अस्वलांची मुळीच टंचाई नव्हती. त्यातलंच एक केशव. वय, मावशीच्या म्हणण्याप्रमाणे, अठ्ठावीस. ही मावशी म्हणजे टिटवी. जंगलातली सगळी लग्नं तीच जमवायची, आणि केशवचं वय ती गेली चार वर्षं अठ्ठावीसच सांगत होती.

केशव गुहेत एकटा राहायचा. कढई जेवणाआधी घासायची, नंतर नाही, हा त्याचा नियम. ओला टॉवेल अंथरुणावर, आंब्याच्या कोयी अंथरुणाखाली. मजा होती. पण कधी आजारीबिजारी पडला की "बरं वाटतंय का?" विचारायला कुणी नसायचं. मग त्याला फार एकटं वाटायचं. खरंच वाटायचं.

हसू नका. तुमच्यावरही ही वेळ येणार आहे.

त्या जंगलात मुलीकडचे मुलाचं घर बघायला यायचे. पहिलं स्थळ आलं. मुलीच्या आईने आत पाऊल टाकलं आणि ती थेट अंथरुणाखालून घरंगळत आलेल्या कोयीवरून घसरली.

"याला बायको नकोय, आई हवीय," ती उठत म्हणाली. नकार!

केशवने हे फार मनाला लावून घेतलं. वर्षभर राबला. केर, भांडी, धुणं, शिवण, सगळं शिकला. पुरणपोळी तर अशी जमली, की शेजारची सशीण कृती विचारायला आली.

दुसरं स्थळ आलं. गुहा लखलखीत. मुलीच्या वडिलांनी चार पुरणपोळ्या खाल्ल्या.

"सगळं तूच करतोस?"

"हो."

"मग तुला बायको कशाला रे हवी?"

त्यांनी पाचवी खाल्ली, नकार दिला आणि दोन बांधून नेल्या.

केशव रडला. एवढं मोठं अस्वल, कोपऱ्यात तोंड करून हमसून हमसून रडलं.

"उगी रे बाळा," मावशी म्हणाली. "या वेळी विचारलं तर सांग, काही येत नाही म्हणून. गुहा जराशी विस्कट. बेताने हं. कोयी नकोत."

तिसरं स्थळ आलं. कुमुद नावाची मुलगी आणि तिचे मामा. केशवने दोन टॉवेल नीट घडी मोडून जमिनीवर टाकले होते. पाहुणे उपाशी जाऊ नयेत म्हणून आत गुपचूप वरण शिजत ठेवलं होतं. शेजारणीने दिलं, असं सांगायचं ठरलं होतं.

"स्वयंपाक येतो?" मामांनी विचारलं.

"छे हो! साधा चहा जमत नाही मला."

कुमुदने आत कान दिला. "काहीतरी उतू जातंय वाटतं."

केशव उठला तो धावतच. झाकण काढलं, जाळ कमी केला, वरण ढवळलं, चव घेतली, चिमूटभर हिंग टाकला. मग त्याला आठवलं, आपल्याला काहीच येत नाही.

मावशीने पंखाने डोळे झाकून घेतले. मामांच्या भुवया वर गेल्या.

"मामा, माझा होकार," कुमुद म्हणाली. "बाहेर थाप मारतात आणि आत लगेच पकडले जातात. मला असाच नवरा हवाय."

महिन्याभरात लग्न ठरलं. मुहूर्त आला, पण नवरदेव बोहल्यावर नव्हता. पाचशे पाहुण्यांच्या जिलब्या आचाऱ्याकडून बिघडतील, या काळजीने तो स्वतःच तळत बसला होता. शेवटी नवरीच हार घेऊन चुलीपाशी गेली.

तात्पर्य : नुसती थाप पचवायची असेल, तर आधी चूल विझवावी. लग्न जमवायचं असेल, तर मुळीच विझवू नये.