लॉक कर आन् निघ!

अर्जाची मुदत पाचपर्यंत होती आणि साडेचारला हनुमंत वायरमन लेकीला घेऊन पुणतांब्यात सविताच्या ऑनलाइन सेंटरमध्ये बसला होता. दिपालीचे आयटीआयचे पर्याय भरायचे होते, आणि ते बापाने घरूनच ठरवून आणले होते.

"एक नंबरला कोपा टाक. कॉम्प्युटरचा कोर्स हाय. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा."

"दोन नंबरला वीजतंत्री टाकायचा का, पप्पा?" दिपालीने विचारले.

"टाक नावाला. तितवर जायची येळच न्हाई यायची."

वीस वर्षांच्या नोकरीत हनुमंतच्या पदरी तीन शॉक, एक मोडलेली टाच आणि सबंध गावाच्या शिव्या जमा झाल्या होत्या. खर्ची पडली होती ती गरम जेवणं. ही मिळकत लेकीच्या नावावर करायची त्याची अजिबात तयारी नव्हती. आणि लेकीला तर नेमकी तीच हवी होती.

सविता त्यांच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरवर अर्ज भरत होती. तेवढ्यात हनुमंतच्या कानातल्या इअरफोनमध्ये त्याचा मदतनीस आसाराम बोलू लागला. वस्तीवरची लाईट गेली होती आणि तो डीपीपाशी, म्हणजे वस्तीला आणि बाजाराला वीज सोडणाऱ्या पेटीपाशी, उभा होता.

"एक नंबर काढ," हनुमंत म्हणाला.

सविताने कोपा काढला.

"आता दोन वर घे."

तिने वीजतंत्री वर घेतला. "काका, नक्की ना? मगाशी तर तुम्ही..."

"शंभरदा काय इचारायचं? लॉक कर आन् निघ!"

हनुमंतच्या हिशेबाने डीपीच्या पेटीला कुलूप लागले. सविताच्या हिशेबाने अर्जाला.

"केलं लॉक," ती म्हणाली. "पण निघू कुठं काका? दुकान माझंच आहे."

हनुमंतने वाकून पडद्यावर पाहिले आणि तो उडालाच. "अगं, मी आसारामशी बोलत हुतो!"

"मला पाठीला डोळे आहेत का? दिपाली, तू तरी सांगायचं!"

"मोठी मानसं बोलत असली की मी मधी बोलत न्हाई," दिपाली म्हणाली. सतरा वर्षांत हा नियम तिने आज पहिल्यांदा पाळला होता.

"उघड ते लॉक! एक नंबरला कोपाच ठिव, बाकीचं समदं काढ. पटकन!"

"काढतो," कानात आसाराम म्हणाला. फोन चालूच राहिला होता.

पंखा थांबला. पडदा काळा झाला. समोरच्या गिरणीचा आवाजही बसला.

"आसाराम! काय केलंस?"

"तुमीच म्हनले, समदं काढ. पन भाऊ, त्यो कोपा कुठल्या खांबावर हाय?"

हनुमंतने सविताकडे पाहिले. "इन्व्हर्टर लाव!"

"तो तुम्हीच दुरुस्तीला नेलाय, काका. दिवाळीत."

"मग मोबाईलवर उघड!"

"मोबाईलवर ही साईट नुसती गोल गोल फिरते."

हनुमंत फोनवर ओरडत राहिला. तो 'वर' म्हणाला की आसाराम 'कुठला वर' विचारी आणि 'खाली' म्हणाला की 'मी खालीच हाय' सांगे. अशी वीस मिनिटे गेली. पाच वाजून पाच मिनिटांनी दिपालीने बापाच्या हातातला फोन घेतला.

"आसारामकाका, आधी मेन. मग एक. मग दोन."

पहिल्याच दमात पंखा फिरला. पडद्यावर लाल अक्षरात आले, मुदत संपली आहे.

हनुमंतने एकदा फिरत्या पंख्याकडे, एकदा लेकीकडे पाहिले आणि फोन परत घेतला. मग त्याने घरी बायकोला फोन लावला आणि घसा साफ केला. "सुरेखा, पोरीला वीजतंत्रीला टाकलं. न्हाई, चुकून न्हाई. मीच नीट इचार करून टाकलं."

"बरं केलं," सुरेखा म्हणाली. "आसारामभावजी दुपारीच पेढ्याचा बॉक्स ठिवून गेलेत. म्हनले, पाच वाजून गेल्याबिगर फोडू नका, वैनी."