पैशाची भाषेतली हळदीची गाणी

बुद्धी, बहुश्रुतता आणि कान या तिन्ही बाबतींत आष्टी तालुक्यात आपल्या तोडीचा सत्यशोधक नाही, हे पुंडलिकरावांचे मत एकमताने मान्य झाले होते. मतदान त्यांनी एकट्यानेच केले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तपासकार्य पत्करले, आणि १९९८ च्या मे महिन्यात तळेगावच्या ताराचंदच्या कॅसेटच्या दुकानात त्यांच्या योग्यतेचे प्रकरण अखेर चालून आले.

हळदीच्या गाण्यांचा एकच संच कंपनीने हिंदी, मराठी, तेलुगू आणि गोंडी अशा चार भाषांत काढला होता. चारही वेष्टनांवर तेच नवरा-नवरी. भाषा सांगणाऱ्या चिठ्ठ्या मात्र उन्हाने गळून पडलेल्या. कोणती कॅसेट कोणत्या भाषेची, याची सूची करण्याचे काम ताराचंदने पुंडलिकरावांवर सोपवले. हिंदी आणि मराठी त्यांनी स्वतः ओळखल्या. तेलुगू ओळखली ती ढाब्यावर जेवणाऱ्या एका ट्रकचालकाने. ऐकताना त्याला घराच्या आठवणीने रडू फुटले, हाही पुरावा त्यांनी टिपून घेतला.

उरली ती गोंडी, असे कोणीही म्हटले असते. पण पुंडलिकराव कोणीही नव्हते.

तेवढ्यात नेमकी गोंडीच कॅसेट मागत सोनबा आला. उद्या त्याच्या मुलीची, स्वीटीची हळद होती.

"मायनं सांगून ठेवलं, गुरुजी. आपल्या बोलीतले गाने नाई वाजले, त पयली हळद मी लावत नाई."

नवरीच्या आजीने हात लावल्याखेरीज हळद सुरू होणार नव्हती. चौथी कॅसेट लावली. सोनबाने दोन मिनिटे ऐकून मान हलवली.

"हे गोंडी नाई."

पुंडलिकरावांचा चेहरा उजळला. ही तस्करांची सांकेतिक भाषा असावी, हा पहिला सिद्धान्त त्यांनी चहा येण्यापूर्वीच मांडला आणि खोडलाही. तस्कर ढोलकी वाजवीत नाहीत. गायक दातदुखीने त्रस्त असावा, हा दुसरा. मग त्यांनी डोळे मिटले. येथे ढोलकी आधी घुमत होती आणि थाप मागून पडत होती. कार्य आधी, कारण नंतर. हा क्रम माणसांत आढळत नाही. अर्थात ही लुप्त पैशाची भाषा, पिशाच्चांची. असा ठेवा विकता येणार नाही, असे बजावून त्यांनी कॅसेट खिशात घातली.

"भुतायले हळद लागते काय, गुरुजी?" सोनबाने रडवेल्या सुरात विचारले.

"हळदीवाचून लग्न नाही, आणि लग्नावाचून त्यांची संख्या कशी वाढेल?"

ताराचंदची बायको दिपाली चहा घेऊन आली. कसली चर्चा चालली आहे, हे ऐकून तिने ट्रे खाली ठेवला.

"ते काल सुरुवातीलेच तुटलती. मी नेलपॉलिशनं जोडली. फीत उलटी चिकटली असन."

पुंडलिकराव या उपपत्तीचे खंडन करू लागले. त्यांचे तिसरे वाक्य संपेपर्यंत तिने त्यांच्या खिशातून कॅसेट काढून सांधा कापला होता. पाचव्या वाक्याला फीत पालटून चिकटवली, आणि सातव्याला फुंकर मारून वाळवली. यंत्रातून स्वच्छ गोंडी उमटली. सोनबाचा जीव भांड्यात पडला.

इतक्यात त्याला शोधत त्याची आई रुखमा दारात येऊन उभी राहिली. तिने अख्खे गाणे डोळे बारीक करून ऐकले.

"कोन गाऊन राह्यला हा? याले हळद भिजवताई येत नाई. बंद कर. मीच म्हनतो गाने, अन् हळदई मीच लावतो."

आणि ती गात गातच रस्त्याला लागली. सोनबा हसत तिच्यामागे निघाला. पुंडलिकराव मात्र दोघांनाही मागे टाकून, कानावरची लेखणी काढीत, तिच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"आजी, क्षणभर थांबा. ही आवृत्ती कोणत्या कंपनीची?"