तुळजापूरच्या पायऱ्या आणि बाबागाडी

बाबागाडी घेतली ती आईच्या गुडघ्यांसाठी, असं रुद्रेश लोहाऱ्यात भेटेल त्याला सांगत होता. (आजीच्या गुडघ्यांसाठी नातवाला गाडी, हे कोडं कुणालाच सुटलं नाही, पण पतसंस्थेतल्या कारकुनाला उलटा प्रश्न कोण विचारणार?) खरं कारण घरात तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही ते गिळून बसले होते. आईचे, म्हणजे मथुराबाईंचे हात कापायला लागले होते, आणि हे आता वाढतच जाणार असं डॉक्टरनं सांगितलं होतं. एकदा त्यांच्या हातून वरणाची वाटी सांडली आणि त्या दिवसापासून बाळ त्यांच्याकडं देणं बंद झालं. तोंडानं कुणी नाही म्हणालं नाही. आजीनं हात पुढं केले की उत्कर्षला नेमकी भूक लागायची, नाहीतर त्याची दुपटी बदलायची असायची.

पण मथुराबाईंचा नवस होता. सुनेची, हर्षालीची कूस लवकर उजवेना तेव्हा त्यांनी तुळजापूरच्या आईला बोलून ठेवलं होतं, की नातवंड झालं तर माझ्या कडेवर घेऊन तुझ्या दारात येईन. ते ‘कडेवर’ रुद्रेशच्या घशाखाली उतरत नव्हतं. पोरगं गाडीत आणि गाडीच्या दांडीला आजीचा हात, एवढ्यावर देवी भागवून घेईल, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं.

दुकानात एका बोटानं मिटलेली गाडी एसटीत काही केल्या मिटेना. कंडक्टरनं वैतागून ती मागच्या सीटवर ठेवायला लावली आणि रुद्रेश तुळजापूरपर्यंत उभा राहिला. उत्कर्षनं तर गाडीत बसायचं नाही असा पणच केला होता. तो लोहाऱ्यापासून हर्षालीच्या खांद्यावर रडत होता. गाडीत नारळ आणि ओटीचं सामान बसलं. बाजारातल्या उतारावर ती मनानं पळायला लागली, तेव्हा रुद्रेश तिच्यापुढं जाऊन, तिला पोटानं अडवत, उलटा चालू लागला. मागून मथुराबाई हात पदरात लपवून येत होत्या. रुद्रेशला त्यांचं तोंड समोरच दिसत होतं. त्याला मनातून फार वाईट वाटत होतं, पण भीती त्याहून मोठी होती.

महाद्वारातून आत गेल्यावर खाली देवळाकडं उतरणाऱ्या पायऱ्या लागल्या. रुद्रेश जन्मापासून इथं येत होता, पण तुळजापूरला पायऱ्या आहेत हे त्याला गाडी घेताना आठवलं नव्हतं. (दुकानातली फरशी सपाट होती.) त्यानं नारळाची पिशवी खांद्याला अडकवली आणि गाडी उचलून डोक्यावर घेतली.

इथं खरा घोटाळा झाला. मूल झालं की देवीला पाळणा वाहायची रीत सगळ्यांना माहीत. डोक्यावर चाकांचा पाळणा घेतलेला माणूस बघून गर्दीनं आदरानं वाट दिली. एकीनं चाकाला हळदीकुंकू लावलं. बेंबळीचं एक तरुण जोडपं पुढं आलं. त्यातली पोरगी गाडीच्या दांडीला हात लावून डोळे मिटून उभी राहिली, आणि तिच्या गालावर पाणी ओघळलं. ही दुकानातली साधी गाडी आहे, असं तिला सांगायला रुद्रेशची जीभ वळेना. तो खांबासारखा उभा राहिला आणि त्याच्यामागं गाडीला हात लावणाऱ्यांची रांग लागली.

मग बायकांनी हर्षालीला गाठलं. पाळणा फळलेल्या बाईची ओटी भरल्याशिवाय त्या सोडणार नव्हत्या. ओटी घ्यायची तर दोन्ही हातांनी पदर धरायला हवा. रुद्रेशचे दोन्ही हात डोक्यावर. हर्षालीनं नवऱ्याकडं पाहिलं, मग सासूकडं.

मथुराबाईंनी हात पदराबाहेर काढले नाहीत. "द्या म्हणत न्हाय म्या," त्या म्हणाल्या. "कापतेत माझे हात. मला बी ठावं हाय."

"धरा, आत्या," हर्षाली म्हणाली आणि तिनं बाळ त्यांच्या कडेवर दिलं.

हात कापतच होते. उत्कर्षनं दोन हुंदके दिले, आजीच्या खांद्यावर मान टाकली आणि तो झोपला.

ओटी भरून झाल्यावर हर्षालीनं सासूचा दंड धरला आणि मथुराबाई एकेक पायरी उतरत देवीच्या दाराशी गेल्या. रुद्रेश गाडी घेऊन वरच अडकला. त्याला दर्शन घडलं नाही. आईची पाठ लांब जाताना बघून त्याला रडू आलं, आणि हात मोकळे नसल्यानं चाकावरून तोंडावर सांडलेलं कुंकू डोळ्यांतल्या पाण्याबरोबर शर्टवर उतरलं.

परतीच्या एसटीत तो म्हणाला, "आई, दमलीस. दे माझ्याकडं."

त्याच्या हातात येताच उत्कर्षनं डोळे उघडले आणि सगळी एसटी वळून बघेल असा टाहो फोडला. मथुराबाईंनी नातू परत घेतला. तो लगेच निजला.

"तुझे हात लई गप हायेत रे," त्या म्हणाल्या. "त्यात झोप कुठनं यायची?"

रुद्रेश बसायला वळला. मागच्या सीटवर हळदीकुंकवानं माखलेली बाबागाडी होती. कंडक्टरनं तिला हात जोडले आणि रुद्रेशला पुढं सरकून उभं राहायला सांगितलं.