फौजदारसाहेबांची पानसुपारी

फौजदारसाहेब, शिवयोगी मास्तरला बोलायला तुम्हीच लावलंत आणि बोलला म्हणून कोठडीतही तुम्हीच घातलंत. नाही म्हणू नका. सोलापुरात हे ज्याला त्याला ठाऊक आहे.

तुमची बदली झाली. शाळेनं निरोपाची पानसुपारी करावी, असा सांगावा तुमच्याच चौकीतून आला. हेडमास्तरांनी भाषण शिवयोगीच्या गळ्यात घातलं. तो हंगामी मास्तर. भाषण रंगलं तर नोकरी कायम, फसलं तर जूनपासून घरी, असं त्याला साफ सांगितलं. आणि त्याचा आवाज असा, की हजेरी पहिल्या बाकालासुद्धा ऐकू जात नसे.

तो भाषणात मुरलेल्या पेन्शनर चिंतामणरावांकडे गेला. त्यांचे धडे सोपे होते. पाय रोवून उभा राहा, आवाज पोटातून काढ, मोठ्या शब्दानंतर थांब आणि सगळ्यात लांबच्या माणसाकडे बघून बोल. पोटातला आवाज घरात काढला तर शेजारचे माग थांबले. म्हणून दोघे संध्याकाळी कंबर तलावावर जाऊ लागले. लांबचं माणूस म्हणून चिंतामणरावांनी तिथं म्हशी धुणाऱ्या चंद्रव्वाला बसवलं.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय की. कळंना तेवढं."

इकडे शिवयोगीच्या बायकोला, दानम्माला, संशय आला. नवरा रोज इस्त्रीचा कोट घालून जातो आणि घसा बसवून येतो. ती मागोमाग गेली. पाहते तर नवरा एका परक्या बाईकडे टक लावून, छातीवर हात ठेवून विचारतोय, "आपण गेल्यावर आमचं कसं होणार?"

"तिला काय इचारतायसा? माजं कसं हुनार ते सांगा आदी," दानम्मा म्हणाली.

खुलासा झाला. विश्वास बसला नाही. ती रोज येऊन नवरा आणि चंद्रव्वा यांच्या बरोबर मधे बसू लागली.

मग आला तुमचा शिपाई रेवणसिद्ध. कपडे साधे, पण पायात सरकारी बूट. म्हशींनीसुद्धा ओळखला असता. तीस सालचा मार्शल लॉ उठून फार दिवस झाले नव्हते. पाच माणसं जमायला बंदी होती, आणि कुणी हात वर करून बोललं की तुमच्या लोकांना राजद्रोहाचा वास येई. रेवणसिद्धला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो झाडाआड बसून भाषण पाठ करू लागला. एके दिवशी वारा उलटा होता, शब्द पोचेनात, तेव्हा तो चौघांत येऊन बसला. भाषण संपल्यावर उठून म्हणाला, "चला चौकीवर. पाच जन झालं."

चौकीत चिंतामणरावांनी विचारलं, की पाचवा कोण? तुम्ही रेवणसिद्धकडे पाहिलंत. मग म्हणालात, "सरकारी माणूस काय माणूस नसतो?"

म्हातारा आणि बायका ताकीद खाऊन सुटल्या. काय बोलत होतास ते म्हणून दाखव, असं शिवयोगीला फर्मावलंत. त्यानं पाय रोवले, पोट आत ओढलं. आवाज आलाच नाही. मोठ्या शब्दानंतर थांबायचं, तो शब्दाआधीच थांबला.

"मला पाट हाय, सायेब," रेवणसिद्ध म्हणाला.

आणि त्यानं म्हटलं. पोटातून, थांबत थांबत, कोपऱ्यातल्या माठाकडे बघत. तुमचा दरारा, तुमचा न्याय, सगळं आलं. 'आमचं कसं होणार'पाशी तुम्ही रुमाल काढलात. शिवयोगीला वाटलं, सुटलो. तुम्ही नाक पुसून म्हणालात, "भाषण झकास आहे. पण जमाव तो जमाव."

पानसुपारी ठरल्या दिवशी झाली. अत्तर, गुलाबपाणी, हार, सगळं यथास्थित. भाषण रेवणसिद्धनं केलं. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही शब्द न् शब्द पोचला. टाळ्या कोठडीतल्या शिवयोगीपर्यंत गेल्या. रेवणसिद्ध हवालदार झाला. शिवयोगी कुठं आहे हे ठाऊक असूनही हेडमास्तरांनी त्याला ऐनवेळी गैरहजर ठरवलं, आणि जूनमध्ये त्याची जागा गेली.

आता तो नवी पेठेत कापडाच्या दुकानापुढं गिऱ्हाईक हाकारतो. पाय रोवून, पोटातून, सगळ्यात लांबच्या माणसाकडे बघून. आवाज झकास लागलाय.

साहेब, भाषण तेच होतं. तलावावर तुमचा शिपाई धरून पाच माणसं होती. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. परवानगी दोन्हीकडे नव्हती. मग सांगा, त्या दिवशी कोठडीत कोण असायला हवं होतं?