घड्याळ मागे न्यायचं नाही

पहिल्या दिवशी गायधनी सर मला ऑफिसच्या पायरीवर बसलेले दिसले. दार उघडं होतं, तरी आत जाईनात. विचारायची माझी हिंमत होईना. शेवटी तेच म्हणाले, "हातातलं घड्याळ थोडं पुढे गेलंय. मागे नेणार नाही. बंद करून बसलोय. काळ इथपर्यंत आला की सुरू करीन."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला वाटलं, शिकलेले लोक असेच वागत असतील. मीही शेजारी बसलो.

सर फुलबाजाराचं सॉफ्टवेअर सांभाळतात. मी त्यांच्या हाताखाली शिकतो. एक सर्व्हर नाशिकला, दुसरा वणीला, आणि दोन्हीकडच्या मालाची रांग एकच. माल उतरला की पावती निघते. पावतीचा नंबर त्या क्षणाच्या वेळेवरून बनतो. ज्याची वेळ आधीची, त्याचा लिलाव आधी. एकदा कोणीतरी वणीचं घड्याळ मागे नेलं. झालं! वणीला मागून आलेला झेंडू पुढे, आणि सकाळपासून ताटकळलेली शेवंती मागे. शेवंतीवाले काका सरांना म्हणाले, "सायेब, तुमच्या कॉम्प्युटरला रांग माहीत नाय का?"

ते सरांना फार लागलं. तेव्हापासून एकच घोष: "घड्याळ मागे न्यायचं नाही. पुढे गेलं तर थांबवा."

सलूनमधलं घड्याळ पुढे दिसलं, तर सरांनी त्याचा सेलच काढला आणि तोंडाला साबण तसाच ठेवून, सेल मुठीत धरून बसून राहिले. सलूनवाला म्हणाला, "सर, दाढी तरी पुढे नेऊ का?"

परवा सरांनी मला घरी जेवायला नेलं. निघायलाच उशीर झाला होता. घरातलं भिंतीवरचं घड्याळ बघतो तर तासभर मागे! मी लगेच स्टूल ओढलं. सरांनी माझा दंड धरला.

"राहू दे. मीच मागे नेलंय."

मी स्टूल परत जागेवर सरकवलं.

"वडील एकदा ड्यूटीवरून यायला उशीर झाला म्हणता म्हणता आलेच नाहीत," ते हळू आवाजात म्हणाले. "आता मला यायला सातच्या पुढे झालं, की आई दारात उभी राहते. जेवत नाही, बसत नाही."

ते हातपाय धुवायला गेले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, आणि त्यांच्या हातातला मोबाईल खणखणीत आवाजात बोलला, "आठ वाजले."

आमची नजरानजर झाली. आईंनी मोबाईल घाईघाईने पदराखाली दाबला.

सर तोंड पुसत आले. आईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "वेळेवर आलास रे. बसा, पानं घेते."