'धागादोरा' बचाव समितीचे अध्यक्ष

आमच्या सोसायटीत कोणी साध्या हार्ट अटॅकने गेलं, तर भोईरकाकांना ते मनापासून पटत नाही.

बी विंगमधले शहाकाका गेले तेव्हाची गोष्ट. वय ब्याऐंशी, दोन ऑपरेशनं झालेली, डॉक्टरांनी आदल्या आठवड्यातच हात टेकलेले. एकटेच राहायचे. सगळे हॉलमध्ये मान खाली घालून उभे होते आणि भोईरकाका स्वयंपाकघराच्या दारातून ओट्याकडे टक लावून बघत होते. मग हळूच माझ्या कानाशी आले.

"कप दोन आहेत. घरात राहणारा माणूस एक. संशयाला जागा आहे."

"काका, दुसरा कप तुमचा आहे. आत्ता मीच नाही का चहा दिला तुम्हाला?"

ते जरा विचारात पडले. "तरीपण," म्हणाले.

नामदेव भोईर. सिल्व्हर पार्कमध्ये आमच्या समोरचं दार त्यांचं. उभी हयात वीज कंपनीत मीटर वाचण्यात गेली. लोकांच्या जिन्याखाली वाकून वाकून पाठीला जो बाक आला तो रिटायर झाल्यावरही गेला नाही. काकू मी इथे राहायला येण्याआधीच गेल्या. मूलबाळ नाही. कोणी गप्पा मारायला लागलं की काका त्याचं सगळं ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "मीटर खोटं बोलत नाही. माणूस बोलतो." हे कशाला उद्देशून आहे ते कळत नाही, पण समोरचा माणूस थोडा घाबरतो.

अशा माणसाला 'धागादोरा' आवडावी यात नवल काय! दर रविवारी संध्याकाळी सात वाजता लागणारी ही गुन्हेगारीची मालिका अठरा वर्षं चालू होती. त्यातल्या इन्स्पेक्टर राजाध्यक्षांनी अठरा वर्षांत मिशी बदलली नाही, जीप बदलली नाही आणि बढतीही घेतली नाही. मी आणि पहिल्या मजल्यावरच्या कोकिळाबेन काकांकडे बघायला जायचो. कोकिळाबेनना मराठी अर्धंच कळतं, पण राजाध्यक्ष पूर्ण कळायचे.

पहिल्या जाहिरातीला काका एका चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहायचे, चार घड्या घालायचे आणि माझ्या हातात द्यायचे. शेवटी ती उघडायची. माझ्या देखत त्यांचं उत्तर बरोबर आलं ते चार वेळा. एरवी ते लेखकावर संशय घ्यायचे.

"माळीच आहे खुनी. राजाध्यक्षांवर वरून दबाव आलेला दिसतोय."

"भाई, पण माली तो दूसरे सीन में मर गया ने?" कोकिळाबेन म्हणायच्या.

"वही तो! मेला असं दाखवलं."

मालिका संपून आठला पाच मिनिटं उरली की मात्र ते उठायचे आणि दार उघडून उभे राहायचे. "चला, निघा आता." चहा अर्धा राहिला असला तरी. मला वाटायचं, त्यांची ब्लड प्रेशरच्या गोळीची वेळ असेल. कोकिळाबेनना वाटायचं, देवपूजा असेल. आम्ही निमूट निघायचो.

मग एका मंगळवारी काकांनी माझी बेल वाजवली. हातात पेपरचं कात्रण. चॅनेल 'धागादोरा' बंद करणार होतं. प्रेक्षक कमी झाले म्हणे. त्या जागी गाण्याची स्पर्धा येणार होती.

"हा खून आहे," काका म्हणाले. पहिल्यांदाच मला ते अगदीच चूक वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी समिती स्थापन झाली. अध्यक्ष भोईरकाका, चिटणीस मी, सदस्य कोकिळाबेन. ठराव एकमताने झाला की सह्या गोळा करायच्या. दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीचा बाक जमेल तेवढा सरळ करून, जेसल पार्कच्या बागेबाहेर उभे राहिले. मी बाजूला फाइल धरून.

लोक आश्चर्यकारक वेगाने सह्या करत होते. पहिल्या तासात साठ झाल्या. काकांचे डोळे भरून आले. मग एका बाईंनी सही करता करता विचारलं, "आमच्या लाइनला कधीपासून येणार पाणी?"

"पाणी?"

"पाण्याचाच अर्ज आहे ना हा?"

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये फाइल घेऊन उभा राहिलेला माणूस दुसऱ्या कशासाठी उभा असणार! मी म्हटलं, "काका, राहू द्या. सही ती सही." पण त्यांनी पेन काढलं, बागेच्या कट्ट्यावर बसले, आणि पानं उलटून ज्यांनी पाण्याचा अर्ज समजून सही केली असावी असं त्यांना वाटत होतं त्या सगळ्यांची नावं खोडली. "खोटी साक्ष टिकत नाही," म्हणाले. उरल्या अकरा. त्यात आम्ही तिघं.

अकरा सह्या घेऊन काका आणि मी शूटिंग चालतं तिथे गेलो. काशिमिऱ्याच्या पुढे, घोडबंदर रस्त्याला, पत्र्याच्या उंच शेडमध्ये स्टुडिओ. वॉचमनने आत सोडलं नाही. "शूटिंग चालू है, चाचा." तेव्हा समोरच्या टपरीवर खाकी पँट आणि वर साधा टीशर्ट घातलेला एक माणूस चहा पीत बसलेला काकांना दिसला. राजाध्यक्षांचा हवालदार गोटे! काकांनी त्याला चक्क सलाम ठोकला.

गोटेंचं काम करणारा तो नट भला होता. त्याने आम्हाला बसवलं, चहा सांगितला, अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "काका, पुढच्या आठवड्यात पोलीस चौकीचा सेट तोडणार आहेत. तिथे गाण्याचा स्टेज लागतोय. मीही कामच शोधतोय. अठरा वर्षं हवालदार होतो, आता कोणी मला दुसरं काही समजतच नाही." तो हसला. "माझी नोकरी जातेय. तुमचं एवढं काय जातंय?"

काका ग्लासातल्या चहाकडे बघत म्हणाले, "भाऊ जातोय."

मी इतक्या वर्षांत प्रथमच ऐकलं की काकांना भाऊ आहे. आणि तो कुठे तर भाईंदरच्याच खारी गावात. आमच्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटं. काकाही मूळचे खारीचेच, तिथल्याच जुन्या घरातले. अकरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या, जनार्दनच्या, मुलीचं लग्न निघालं आणि पत्रिकेत काकांचं नाव नव्हतं. जनार्दन म्हणाला, छापणाऱ्याची चूक. काका म्हणाले, संशयाला जागा आहे. दोघंही हटले नाहीत. काका लग्नाला गेले नाहीत, आणि नंतर कुठल्याच कार्याला नाही.

"मग दोनेक वर्षांनी एका रविवारी फोन वाजला," काका सांगत होते. "आठ वाजता. 'धागादोरा' नुकतीच संपली होती. उचलला तर जना. हॅलो नाही, कसा आहेस नाही. म्हणाला, मालकीणच हाय खुनी, मना पहिल्यापासून म्हाईत व्हतं. मी म्हटलं, न्हाय, मला तर तिचा नवरा वाटला व्हता. बस. दहा मिनिटं बोललो आणि ठेवला. तेव्हापासून दर रविवारी आठला. एकदा तो करणार, एकदा मी. फक्त खुनावर बोलतो. दुसरं काही नाही."

हवालदार गोटेने अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. "वर पोचवतो, काका," म्हणाला. त्याचा काही उपयोग नाही हे तिघांनाही कळत होतं.

शेवटचा भाग आम्ही तिघांनी बघितला. राजाध्यक्षांनी टोपी टेबलावर काढून ठेवली तेव्हा कोकिळाबेन पदराला डोळे पुसत रडल्या. त्या दिवशी काकांनी आम्हाला उठवलं नाही. आठला फोन वाजला. काका उभं राहून बोलले.

"हं. बघितला... हो, संपला... न्हाय, दुसरीकडं कुटं न्हाय लागनार." मग फोन या कानावरून त्या कानावर घेतला. "ठेवू?... ठेव."

पुढचा रविवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही. मी काही ना काही निमित्ताने आठच्या सुमारास डोकवायची. काका खुर्चीत, टीव्ही बंद, फोन समोर. एकदा मी न राहवून म्हटलं, "काका, तुम्हीच करा ना. विचारा, कसा आहेस."

"अकरा वर्षांत कधी विचारलं नाही. आता विचारलं तर घाबरेल तो. म्हणेल, दादाला काहीतरी झालं."

"मग दुसरं काही बोला."

"काय बोलू? विषयच नाही राहिला आमच्याकडे."

त्यानंतरच्या रविवारी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझी बेल वाजवली. "जरा खारीपर्यंत येतेस?" एवढंच. आम्ही रिक्षा केली. गावात शिरल्यावर दोन्ही बाजूंनी टॉवर, आणि मध्येच कौलारू घरांची एक चिंचोळी गल्ली उरलेली. रिक्षा तोंडाशीच थांबवून आम्ही चालत गेलो. चौथ्या घरासमोर काका थांबले, पलीकडच्या विजेच्या खांबाला टेकून.

घराचं दार उघडं होतं. आत टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागलेली. समोर एक म्हातारा पाठमोरा बसलेला, बनियनवर. गाण्यात त्याचं लक्ष नव्हतं. मांडीवर मोबाइल होता, तो उलटा करत होता, सुलटा करत होता.

मला वाटलं, काका आता आत जातील. त्यांनी खिशातून फोन काढला आणि लावला. आतला मोबाइल वाजला. म्हाताऱ्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"जना," काका म्हणाले. मध्ये पंधरा पावलं असतील. "गानी बघतंस?"

आतून आवाज आला तो फोनमधूनही आला आणि दारातूनही. "बघतंय."

"कोन जिंकंल?"

"जांभल्या फ्राकवाली."

"न्हाय रं. तो चष्मेवाला जिंकंल. तिचा सूर खोटा हाय."

"तुला सुरातलं काय कलतं?"

"तुला तरी काय कलतं?"

तेवढ्यात एक टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत आमच्या मागून गेला. तो हॉर्न आत दारातूनही गेला असणार आणि फोनमधूनही. आतल्या माणसाची मान हलली, पण तो वळला नाही. मग म्हणाला, "दादा, कुटं हाय तू?"

"घरी," काका म्हणाले.

"बरं." त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "दार उघडंच असतं."

"बरं," काका म्हणाले आणि फोन बंद केला. दोन पावलं पुढे टाकली, थांबले, मग वळून मला म्हणाले, "चल. तुझ्या स्वयंपाकाची वेळ झाली असेल."

आता दर रविवारी आठला परत फोन असतो. काका तोंड वाकडं करून ती गाणी ऐकतात आणि पहिल्या जाहिरातीला चिठ्ठीवर नाव लिहितात. खारीला अजून गेलेले नाहीत. मी विचारते, ते "जाऊ" म्हणतात.

त्या संध्याकाळी खारीहून परतताना मात्र ते रिक्षात बाहेर बघत बसले होते. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा, मला सांगितल्यासारखं नाही, आपल्याशीच म्हणाले, "किती वाळलाय तो."