मांजरपाटाला किती शिट्ट्या?

टेमघरला अब्दुर्रहमानशेठांचा चोवीस लूमांचा कारखाना आहे. तिथे आजोबांच्या काळापासून एकच माल निघतो, साधा सुती मांजरपाट. या कापडाबद्दल आजवर एकच तक्रार आली, की ते धुतल्यावर आटते. मार्च महिन्यात पदार्थ वर्गीकरण कार्यालयाची नोटीस आली, की "आपण विनापरवाना अन्नपदार्थाचे उत्पादन करीत आहात, सबब पुढील आदेशापर्यंत कारखाना बंद ठेवावा", तेव्हा शेठनी पाकीट उलटून पत्ता पुन्हा वाचला. पत्ता त्यांचाच होता. नावातले दोन्ही 'र'सुद्धा जागेवर होते. सरकारी कागदावर ते कधीच नसतात, म्हणून शेठ जास्तच घाबरले.

झाले होते असे. नव्या ऑनलाइन नोंदणीत 'मालाचे रासायनिक सूत्र' हा रकाना सक्तीचा होता. शेठची मुलगी अलिजा केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. कापूस म्हणजे सेल्युलोज, हे तिला ठाऊक होते. तिने इमानदारीने सूत्र भरले: कार्बन सहा, हायड्रोजन दहा, ऑक्सिजन पाच, आणि अशा कड्यांची लांबच लांब साखळी. संगणकाला तेच सूत्र आधीच नोंदलेले सापडले. ते स्टार्चचे होते, म्हणजे तांदूळ, बटाटा आणि साबुदाण्याचे. एका सूत्राच्या दोन नोंदी नियमात बसत नव्हत्या. संगणकाने मांजरपाट साबुदाण्याखाली घातला.

सोमवारी निरीक्षक केसरीनाथ स्वतः आले. बंद लूमांमधून हात मागे बांधून फिरले.

"शेठ, मालावर वापरण्याची अंतिम तारीख का नाही?"

"साहेब, कपडा हाय तो. फाटेपर्यंत वापरायचा."

'तारीख अनिश्चित', असे केसरीनाथांनी लिहून घेतले.

अलिजा पुढे झाली. "सर, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत, हे खरं. अणू तेच, त्यांनी इलेक्ट्रॉन आपसात वाटून केलेले सहसंयुज बंधही तसेच. फरक आहे तो कडीला कडी जोडली कशी, यात. स्टार्चमध्ये सगळ्या कड्या एकाच बाजूला तोंड करून असतात. साखळीला वेटोळं पडतं आणि पोटातला रस ती तोडतो. कापसात एक कडी सुलटी, पुढची उलटी. साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना घट्ट धरते. म्हणून त्याचं सूत होतं, आणि म्हणूनच माणसाला ते पचत नाही."

केसरीनाथांनी सगळे मन लावून ऐकले. मग फॉर्म उघडून दाखवला. "बाळ, इथे सूत्राचा रकाना आहे. कुणाचं तोंड कुठे, याचा नाही."

"पण सर, पचतच नाही!"

"कुणालाच?"

"गाईला पचतं. तिच्या पोटात तसे जंतू असतात."

'पचते', असे केसरीनाथांनी लिहिले.

अलिजा हट्टाला पेटली. आतून आयोडीनची बाटली घेऊन आली. स्टार्चवर आयोडीन टाकले की ते गर्द निळे होते, कापूस होत नाही. साहेबांच्या डोळ्यांदेखतच सिद्ध करते, म्हणाली. तिने ताग्यावर थेंब सोडला. डाग क्षणात निळाकाळा झाला.

"अगं!" शेठनी कपाळावर हात मारला. "ताण्याला कांजी असते ना, बेटा! कांजीशिवाय सूत लूमवर टिकेल का?"

"म्हणजे स्टार्चच की," केसरीनाथ म्हणाले आणि निळा तुकडा कापून, पाकिटात घालून, सील करून घेऊन गेले.

दहा दिवस लूम बंद राहिले. कारागीर चहाच्या हॉटेलात बसून काल्हेरच्या गोदामांत कुठे भरती आहे, ते एकमेकांना विचारू लागले. काल्हेरला गेलेला माणूस लूमवर परतत नाही, हे शेठना माहीत होते. त्यांनी निमूट अन्न परवान्याचा अर्ज भरला.

मग सगळे सुरळीत झाले. कारागिरांनी डोक्याला प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या. किनारीवर दर मीटरला शाकाहाराचा हिरवा ठिपका छापला जाऊ लागला. नमुना प्रयोगशाळेत गेला. तिथे अन्नाची ऊर्जा जाळून मोजतात. मांजरपाट झकास जळला आणि शंभर ग्रॅमला चारशे कॅलरी भरला, अगदी साबुदाण्याच्या तोडीस तोड. 'शिजवण्याची कृती' या रकान्यात अलिजाने चिडून 'इस्त्री करावी' असे लिहिले. ते मंजूर झाले.

लूम खडखडू लागले तेव्हा शेठच्या डोळ्यांत पाणी आले. ते पुसेपर्यंत केसरीनाथ पेढे घेऊन दारात उभे होते.

"अभिनंदन! शालेय पोषण आहारासाठी संगणकाने तुमचा माल निवडलाय. कॅलरी भरपूर, कीड लागत नाही, सांडत नाही."

"साहेब, लेकरं कपडा खातील?"

"खाण्याचं आपल्याकडे नाही, शेठ. आपल्याकडे वाटप. पुरवठा नाकारलात तर परवाना रद्द, मग लूम पुन्हा बंद."

शेठ रात्रभर तळमळले आणि सकाळी टेम्पो भरला.

पहिला टेम्पो मानकोलीजवळच्या एका गावातल्या शाळेत गेला. शेठही सोबत गेले. त्यांना घरात बसवेना. तिथे खिचडी शिजवणाऱ्या कमळाने तागा उलगडला, हुंगला, आणि पदर खोचून विचारले, "शेठ, याला शिट्ट्या किती द्यायच्या?"

शेठ उलगडलेला तागा पुन्हा गुंडाळू लागले.

"माझ्याकडं चाळीस पोरं हायत. सकाळपास्नं पोटात काय न्हाय त्यांच्या. ही चिंधी घालू काय ताटात?"

"बाई, माझे चोवीस लूम..." शेठ बोलले आणि आपल्याच शब्दांची त्यांना लाज वाटली. कमळाने घरून तांदूळ आणून पातळ पेज केली, चाळीस वाट्यांत पुरवली. कापड पाव-पाव मीटर फाडून पोरांच्या हातात दिले. आयांनी त्याचे रुमाल केले, पिशव्या केल्या.

महिनाभर असेच चालले आणि महिनाअखेर अहवाल गेला. खिचडी असताना रोज थोडी तरी उरायची. मांजरपाटाचा एक धागाही उरला नव्हता. शिल्लक शून्य. असा निकाल योजनेच्या इतिहासात प्रथमच लागला होता. पेजेसाठी रकाना नव्हता. योजना साऱ्या जिल्ह्याला लागू करायचे ठरले.

मात्र आपल्याकडे लोकांना विचारल्याशिवाय काही होत नाही. पंधरा दिवसांत हरकती मागवणारी सूचना सगळ्या वर्तमानपत्रांत आली. अलिजाने पाच पानी हरकत लिहिली. उत्पादकाच्या नातेवाइकाला ती घेता येत नाही म्हणून ती परत आली. कमळा हरकत सांगायला कचेरीत गेली. मांजरपाट शिजवावा लागत नाही, म्हणून तिचेच काम कमी केल्याचा कागद तिला मिळाला. शेठनी पेन हातात घेतले, खालून लूमांचा आवाज ऐकला आणि पेन खाली ठेवले.

बाकीच्या शहाण्यासुरत्या, पोटभर जेवलेल्या लोकांनी ती सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. अगदी मजेत वाचली. कोणी तिचा फोटो काढून मित्रांना पाठवला, कोणी पोट धरधरून हसले. पंधरा दिवस संपले तेव्हा केसरीनाथांनी हरकतींची पेटी उघडली आणि रकान्यात शून्य लिहिले.